डॉ. रखमाबाई आणि मनाचा जाच

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, असा आपला रिवाज आहे. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांची चरित्रे आपण सर्वांनीच वाचली आहेत. या वर्षी लिहिण्याची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी डॉ. रखमाबाईंना निवडले. असे का, ते पुढे ओघात येईल.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईस झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग, आईचे जयंतीबाई. घराणे सुतार समाजाचे व खाऊनपिऊन सुखी होते. रखमा अडीच वर्षांची असतानाच वडील वारले. आई त्या वेळी अवघी सतरा वर्षांची. त्यांच्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती, म्हणून सहा वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. तत्पूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. ही मालमत्ता वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढल्या रामायणात तिचाही वाटा आहे.

सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर. त्यांना झाडाझुडपांचे मोठे ज्ञान होते आणि १८८३ साली मुंबईत निसर्गाच्या अभ्यासासाठी जी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत ते एक होते. सावत्र बाप म्हटला की आपल्या मनात एक चित्र उभे राहते. सखाराम अर्जुन तसे नव्हते. त्यांनी या मुलीला पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले. तरीदेखील रूढी कोणाला चुकली? अकराव्या वर्षी रखमेचे लग्न झाले. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस-वीस, सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला गरीब मुलगा. त्याने सासरी घरजावई म्हणून राहावे, शिकावे, भला माणूस व्हावे, असे ठरले होते.

दादाजींना शिकणे रुचले नाही. ते घर सोडून मामांकडे, नारायण धुरमाजी यांच्याकडे, राहावयास गेले. तेथे आळस व वाईट संगत लागली, प्रकृतीही ढासळली. इकडे रखमा वयात आली. त्या काळच्या चालीप्रमाणे तिला लगेच सासरी धाडावयाचे होते. पण सखाराम अर्जुन पडले डॉक्टर. कोवळ्या मुलीवर संसार लादल्याने काय होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. त्यांनी नकार दिला. रखमा घरीच राहिली आणि मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचू लागली. शाळा सुटलेलीच होती. इंग्रजी तिने बहुतेक स्वतःच्या हिकमतीने कमावले. घरी माणसांची ये-जा फार, आणि वाचणाऱ्या मुलीकडे पाहण्याची नजर त्या काळी काही चांगली नसे. हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलाकरवी पत्र पाठवले की माझी बायको माझ्या घरी पाठवा. ती गेली नाही, तेव्हा त्यांनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. अशा दाव्याला कायद्याच्या भाषेत वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना म्हणतात. गंमत अशी की ही कल्पना आपल्या धर्मशास्त्रातली नव्हे. ती विलायतेतील चर्चच्या न्यायालयांतून आली, आणि इंग्रजांच्या कायद्याबरोबर आपल्या घरात शिरली. रूढी आपली, कोर्ट त्यांचे, आणि दोहोंच्या कात्रीत सापडलेली वीस वर्षांची मुलगी. मालमत्ता कोणाच्या नावे होती हे मी वर सांगितलेच आहे. त्यावरही तेव्हा बरेच बोलले गेले.

दावा चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. ज्याने पाठीशी उभे राहावयाचे तोच गेला. त्याच वर्षी जून व सप्टेंबर महिन्यांत टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे आली. ती रखमाबाईंनी लिहिली होती. नाव झाकले होते, तरी पत्रांची फार चर्चा झाली.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल दिला. ही दोघे एकत्र कधी नांदलीच नाहीत, तर मग पुनःस्थापना कशाची करावयाची, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. समजत्या वयाच्या मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध अशा माणसाच्या हवाली करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. दावा फेटाळला गेला. त्यावर एकच गहजब झाला. धर्म बुडाला, संसार मोडले, अशी हाकाटी झाली. लोकमान्य टिळकांच्या केसरीने रखमाबाईंच्या विरुद्ध बाजू घेतली. आपण वणीकर टिळकांना मानणारे. त्यांचे अनुयायी लोकनायक बापूजी अणे आपल्याच गावी १८८० साली जन्मले. माझाही लोकमान्यांविषयीचा आदर कमी नाही. पण या एका प्रकरणी त्यांचे चुकले, असे म्हणावयास मला संकोच वाटत नाही. मलबारी आणि इतर सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत छापलेल्या आपल्या पुस्तकात हे प्रकरण दूरदेशीच्या वाचकांपुढे ठेवले.

दादाजींनी अपील केले. मार्च १८८६ मध्ये वरच्या न्यायमूर्तींनी पिन्हे यांचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा ऐकावा असे ठरवले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की एक महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, न गेल्यास सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

येथे मी थोडी थांबते. या सगळ्या खटल्यात काय काय तपासले गेले? लग्न झाले की नाही, ते रीतसर होते की नाही, मुलगी गेली की नाही. त्या घरी जाण्याच्या नुसत्या कल्पनेने तिच्या मनाचे काय होत असेल, हा मुद्दा एका पिन्हेसाहेबांखेरीज कोणी मनावर घेतलेला दिसत नाही. हाड मोडले तर डॉक्टर दाखला देतो. मन मोडल्याचा दाखला त्या कायद्याला ठाऊक नव्हता.

आणि आपल्याला तरी कोठे ठाऊक होता? काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतली एक मुलगी माहेरी परत आली. नवरा मारत नसे. तो बोलतच नसे. महिना-महिना अबोला. वाढलेले ताट तसेच सरकवून उठायचे. भाजीच्या पैशांचा आण्यापैचा हिशेब, तिचा मोबाईल रोज तपासायचा, आईला फोन केला की चार दिवस घरात तोंड फिरवायचे. चारचौघांत तिच्या दिसण्यावर हसायचे. मूल नव्हते, त्यावरून सासूचे टोमणे वेगळे. तिच्या आईने आम्हा चार-पाच बायकांना बोलावले. आम्ही तिला एकच प्रश्न विचारला की तो मारतो का? ती नाही म्हणाली. मग आम्ही तिला समजूत घालून परत धाडले. त्या बायकांत मी होते, आणि सर्वांत जास्त मीच बोलले. दोन वर्षांनी ती कायमची परत आली तेव्हा भांडे पडले तरी दचकत होती. आता ब्लाउज शिवून पोट भरते. माझ्या दारावरून जाते, पण थांबत नाही. रखमाबाईंचे चरित्र मी का निवडले त्याचे कारण हे आहे.

असो. खटल्याकडे वळू. रखमाबाईंच्या मदतीसाठी समिती उभी राहिली, वर्गणी जमली, फॅरनसाहेबांच्या हुकुमावर पुढले अपील झाले. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी खर्चाचे म्हणून २००० रुपये घेतले आणि हुकुमाचा हट्ट सोडला. विलायतच्या राणीने लग्न मोडून दिले अशी एक गोष्ट सांगतात. पण तिढा सुटला तो या तडजोडीने. दादाजींनी पुढे दुसरे लग्न केले. पुरुषाला त्या काळी त्याची आडकाठी नव्हती. रखमाबाई कायद्याने त्यांच्या पत्नीच राहिल्या. दुसऱ्या लग्नाचा मार्ग त्यांना बंदच.

१८८९ साली त्या विलायतेस गेल्या. कामा हॉस्पिटलातील डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर व मदत दिली. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकून १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतेस बायकांच्या दवाखान्यात त्यांनी सुमारे वीस-बावीस वर्षे काम केले. त्यानंतर राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात गेल्या व १९३०च्या सुमारास निवृत्त झाल्या. प्लेगच्या साथीत त्या पाय रोवून उभ्या राहिल्या. त्यांना सरकारी पदकही मिळाले. आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या खऱ्या, पण दुसऱ्याच वर्षी वारल्या. रुग्ण तपासण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. रखमाबाईंनी मात्र जवळजवळ पस्तीस वर्षे बायकांची बाळंतपणे केली, दुखणी बरी केली. किती घरांत आई वाचली असेल त्याचा हिशेब कोण करणार!

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. १९०४ साली दादाजी वारल्याची बातमी आली, तेव्हापासून रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसण्यास सुरुवात केली. ज्याच्या घरी जाण्यापेक्षा तुरुंग बरा वाटला, त्याच्या नावाने पांढरे नेसावयाचे! कोणी म्हणेल संस्कार. कोणी म्हणेल, पांढऱ्या लुगड्यातल्या डॉक्टरीणबाईंना जुन्या वळणाच्या घरांत शिरणे सोपे गेले असेल. मी कित्येक वेळा विचार केला. त्यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक.

त्यांच्या खटल्याने पेटलेला वाद विझला नाही. १८९१ साली संमतीवयाचा कायदा झाला आणि मुलीचे वय दहावरून बारा करण्यात आले. आज हे वाचून आपल्याला लाज वाटते, पण तेवढ्यासाठीही तेव्हा रान उठले होते. नांदावयास न जाणाऱ्या बाईला तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली गेली. रखमाबाईंना तो दिवस पाहावयास मिळाला. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षांच्या होऊन, त्या वारल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा झाला होता. त्याच्या नवव्या कलमात नांदावयास बोलावण्याचा तो जुना दावा आजही आहे. हुकूम मोडल्यास आता तुरुंग नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

मनाच्या जाचाचे काय? त्यासाठी १९८३ साल उजाडावे लागले. भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम घातले गेले. नवऱ्याने किंवा त्याच्या नातलगांनी बाईला आत्महत्येकडे लोटील, अथवा तिच्या शरीराला वा मनाच्या आरोग्याला गंभीर इजा पोचवील असे वागणे, तसेच हुंड्यासाठी छळणे, हा गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व दंड. १ जुलै २०२४ पासून हीच गोष्ट भारतीय न्यायसंहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. कलमात मन हा शब्द स्पष्ट आहे हे मुद्दाम सांगते, कारण अंगावर वळ नसतील तर तक्रारच होत नाही, असे आपल्यात पुष्कळजणी समजतात.

मात्र प्रत्येक टोमणा या कलमात बसत नाही, इजा गंभीर असावी लागते. त्याहून कमी पण रोजच्या जाचासाठी २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. अपमान, टवाळी, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणे, जवळच्या माणसाला इजा करण्याची सतत धमकी, खर्चाचे पैसे अडवणे, हे सर्व त्यात हिंसा म्हणून नोंदलेले आहे. हा कायदा लगेच तुरुंगात टाकीत नाही. बाईने अर्ज केला की मॅजिस्ट्रेट संरक्षणाचा हुकूम देतो, घरात राहण्याचा हक्क व खर्चही देववू शकतो. तो संरक्षणाचा हुकूम नवऱ्याने मोडला तर तो गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अर्जासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, वकील नसला तरी ते अर्ज लिहून देतात. १८१ या क्रमांकावर फोनही करता येतो. घडलेले तारीख घालून वहीत लिहून ठेवावे, आलेले संदेश पुसू नयेत.

ज्या विलायतेच्या कायद्याने रखमाबाईंना तुरुंग दाखवला, त्यांनी तो नांदावयास बोलावण्याचा दावा आपल्याकडून १९७० साली काढून टाकला. २०१५ सालापासून तेथे जोडीदाराला धाकात व ताब्यात ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मारहाण झालेली असण्याची गरज नाही. कोणाला पैसे देत नाही, कोणाशी भेटू देत नाही, उठता-बसता पाळत ठेवतो, असे सारे एकत्र धरून पाहतात. आपल्याकडे असे वेगळे कलम अजून नाही.

हा लेख देण्यापूर्वी मी त्या मुलीच्या घरी गेले. तिची हकीकत छापावी की नाही हे तिलाच विचारणे भाग होते. तिने मशीन थांबवले नाही. नाव घालू नका, म्हणाली, बाकी लिहा. मग थोड्या वेळाने उठून चहा ठेवला.