रावसाहेब मंडलिक : कायदे कौन्सिलातील एक पुराणमतवादी

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राचा वैचारिक इतिहास बव्हंशी सुधारकांच्या बाजूने लिहिला गेला आहे. लोकहितवादी, फुले, रानडे, आगरकर ही परंपरा भारतीय भाषांच्या अभ्यासकांना परिचित आहे. परंतु या मंडळींना ज्यांच्याशी वाद घालावा लागला, त्या पुराणमतवादी पक्षाची भूमिका कोणत्या पायावर उभी होती, याचा विचार क्वचितच होतो. हा पक्ष म्हणजे केवळ अज्ञान आणि दुराग्रह यांचा समुच्चय होता, असे मानण्याकडे सामान्यतः कल असतो. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांचे चरित्र या समजुतीस छेद देणारे आहे. संस्कृत धर्मशास्त्राचे चिकित्सक संपादक, मुंबई हायकोर्टातील अग्रगण्य वकील, वृत्तपत्रकार आणि प्रथम मुंबईच्या व पुढे कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलाचे सभासद, अशा अनेक नात्यांनी त्यांनी आपला काळ गाजविला. त्यांचा पुराणमतवाद हा एका विद्वानाचा पुराणमतवाद होता. म्हणूनच त्याचे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही तपासून पाहण्याजोगी आहेत.

मंडलिकांचा जन्म ८ मार्च १८३३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरूड या गावी झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे व खोतीचे. प्रारंभीचे शिक्षण रत्नागिरीस आणि नंतरचे मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. काही वर्षे सरकारी नोकरी केल्यावर त्यांनी वकिलीचा स्वतंत्र व्यवसाय पत्करला. मुंबईचे हायकोर्ट १८६२ मध्ये स्थापन झाले होते आणि हिंदू कायद्याचे प्रश्न मूळ संस्कृत ग्रंथांच्या आधारे मांडू शकणाऱ्या एतद्देशीय वकिलांची तेथे निकड होती. मंडलिकांचा त्या व्यवसायात लवकरच जम बसला आणि पुढे ते सरकारी वकीलही झाले.

१८६४ मध्ये त्यांनी ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे साप्ताहिक सुरू केले. प्रथम इंग्रजीत निघणारे हे पत्र पुढे इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत निघू लागले. त्याच सुमारास नौरोजी फर्दुनजी यांच्यासह त्यांनी मुंबईच्या बॉम्बे असोसिएशनचे पुनरुज्जीवन केले. नगरपालिकेच्या कारभारात करदात्यांचा आवाज असावा, या चळवळीतही ते होते आणि पुढे मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्षपद त्यांना लाभले. करआकारणी, सार्वजनिक खर्च आणि अधिकाऱ्यांचा स्वैर कारभार या बाबतीत त्यांची लेखणी सरकारची भीड बाळगीत नसे. त्यांना पुराणमतवादी म्हणताना त्यांस सरकारधार्जिणे समजण्याची चूक होता कामा नये. सरकारचा हात जेवढा आखूड तेवढा बरा, ही त्यांच्या राजकारणाची धारणा होती. सामाजिक प्रश्नांबाबतचे त्यांचे मत याच धारणेतून निघाले होते.

त्यांच्या विद्वत्तेचा विचार येथे अपरिहार्य आहे. एल्फिन्स्टनच्या भारतेतिहासाचे त्यांनी मराठीत भाषांतर केले. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी शालिवाहन आणि ‘गाथासप्तशती’ यांविषयी निबंध वाचला. जर्मनीत वेबर यांनी १८७० मध्ये या प्राकृत गाथांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मंडलिकांनी त्याच कोशाकडे महाराष्ट्राच्या लोकजीवनाचा पुरावा या दृष्टीने पाहिले. १८८० मध्ये ‘व्यवहारमयूख’ आणि ‘याज्ञवल्क्यस्मृती’ यांचा समावेश असलेला हिंदू कायद्यावरील त्यांचा ग्रंथ आला आणि १८८६ मध्ये मेधातिथी, कुल्लूक इत्यादी टीकाकारांसह मनुस्मृतीची त्यांची आवृत्ती प्रसिद्ध झाली. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना ती पुढे दीर्घकाळ आधारभूत वाटली.

१८८० च्या ग्रंथातील महत्त्वाचा भाग मूळ संहितेच्या बाहेर, परिशिष्टांत आहे. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा ‘दायभाग’ प्रमाण, महाराष्ट्रात ‘मिताक्षरा’ प्रमाण, आणि गुजरात, मुंबई व उत्तर कोकण येथे नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’स विशेष मान, अशी विभागणी इंग्रजी न्यायालयांनी रूढ केली होती. १८६८ मध्ये रामनाडच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलाने असे ठरविले की स्पष्टपणे सिद्ध झालेली रूढी ही लिखित वचनाहून बलवत्तर मानावी. मंडलिकांनी हे तत्त्व मनापासून स्वीकारले आणि निरनिराळ्या जातींतील दत्तक व विवाह यांच्या चालींची माहिती संकलित केली. ‘दत्तकमीमांसे’ने बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक घेण्यास निषेध केला असला, तरी पश्चिम भारतातील अनेक जातींत तशी दत्तके सर्रास होतात, हे त्यांनी दाखवून दिले. शास्त्र एक बोलते आणि समाज दुसरेच वागतो, ही गोष्ट त्यांनी एखाद्या समाजशास्त्रज्ञाच्या तटस्थतेने नोंदविली. रूढी ही सजीव, प्रदेशपरत्वे भिन्न आणि बदलणारी असते, हे त्यांच्याइतके पुराव्यानिशी सांगणारे त्या काळी थोडेच होते.

याच विद्वानास १८७४ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमण्यात आले. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या कौन्सिलांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. बिनसरकारी सभासद निवडून येत नसत, त्यांची नेमणूक होत असे. प्रश्न विचारण्याचा किंवा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पुढे आलेल्या विधेयकावर बोलणे, उपसूचना मांडणे आणि बहुधा हरणे, एवढेच त्यांच्या हाती होते. अशा सभागृहात अभ्यासपूर्ण विरोध करणे हेच सभासदाचे मुख्य अस्त्र असे. मंडलिकांनी ते निष्ठेने वापरले.

त्यांच्या कौन्सिलातील कामगिरीत खोतीचा प्रश्न सर्वांत बोलका आहे. कोकणातील खोत हे गावाचा वसूल गोळा करून ठरीव रक्कम सरकारात भरीत आणि कुळांकडून धान्याच्या रूपाने फाळा घेत. जमिनीच्या मगदुराप्रमाणे तो उत्पन्नाच्या तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असे. खोत हा गावाचा मालक की सरकारचा वंशपरंपरागत वसुलीदार, हा वाद पाहणी खात्याच्या आगमनापासून धुमसत होता. पाहणी खात्याने कुळांचे देणे ठरवून देण्याचा प्रयत्न करताच खोतांनी त्यास कडवा विरोध केला. अखेर १८८० च्या पहिल्या कायद्याने तडजोड झाली. खोतांचे वतन मान्य झाले, आणि १८४५–४६ या साला-पासून सलग जमीन कसणाऱ्या कुळांना कायम वहिवाटीचा हक्क मिळाला. मंडलिक स्वतः खोत होते आणि या सर्व वादात त्यांनी खोतांची बाजू मांडली. सरकारने पाहणीच्या निमित्ताने खाजगी हक्कांत ढवळाढवळ करू नये, हा त्यांच्या पक्षाचा मुख्य मुद्दा होता.

हा मुद्दा तत्त्वतः क्षुल्लक नव्हता. परकीय सरकारच्या महसूल खात्याची सत्ता अनिर्बंध होऊ नये, ही चिंता त्या काळच्या अनेक विचारी माणसांना होती. पुढे टिळकांनीही खोतांची बाजू घेतली ती याच भूमिकेतून. परंतु रूढीचा आधार घ्यायचा तर कुळाचीही रूढी होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसण्याची वहिवाट ही खोताच्या सनदेइतकीच जुनी असू शकत होती. दत्तकाच्या प्रश्नात प्रत्येक जातीची चाल शोधणारे मंडलिक येथे एकाच पक्षाच्या चालीचे वकील झाले. कौन्सिलात कुळाची बाजू मांडणारा कुळांपैकी कोणीही नव्हता. ती सरकारी अधिकाऱ्यांकडून मांडली गेली, आणि सरकारी असल्यामुळेच ती संशयास्पद ठरली.

१८८४ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत मंडलिकांची नेमणूक व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलावर झाली आणि हिवाळ्यातील बैठकींसाठी त्यांचे कलकत्त्यास जाणे सुरू झाले. इल्बर्ट विधेयकाचे वादळ नुकतेच शमले होते. बंगालमध्ये जमीनदार आणि रयत यांच्यातील कायद्याचा प्रश्न ऐरणीवर होता आणि १८८५ च्या आठव्या कायद्याने त्याचा निकाल लागला. कोकणातला खोतीचा वाद मंडलिकांना येथे विराट प्रमाणावर पुन्हा भेटला, असे म्हणता येईल. जमीनदारांची बाजू मांडण्यासाठी कौन्सिलात आलेले ‘हिंदू पेट्रियट’चे संपादक कृष्टोदास पाल जुलै १८८४ मध्ये निधन पावले. वृत्तपत्रकार, संस्थाचालक, सरकारचे निर्भय टीकाकार आणि तरीही भूधारकांचे पुरस्कर्ते, असे पाल आणि मंडलिक यांचे साम्य लक्षणीय आहे. दोन प्रांतांतील सुशिक्षित पुढारीपण एकाच घडणीचे होते, हे त्यावरून दिसून येते.

त्याच वर्षी, ऑगस्ट १८८४ मध्ये, बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली आणि सरकारने ती देशभर मतासाठी पाठविली. रानडे यांनी कायद्याच्या साहाय्यास अनुकूलता दर्शविली. मंडलिकांनी विरोध केला. समाजाच्या चालीरीती समाजाने आतून बदलाव्यात, राज्यकर्त्यांनी त्यांत हात घालू नये, ही त्यांची भूमिका होती. ऑक्टोबर १८८६ मध्ये सरकारने कायदा न करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा त्यांच्या पक्षाची सरशी झाली.

या भूमिकेस पुढे एका दृष्टीने पुष्टीही मिळाली. विद्यासागरांच्या प्रयत्नांनी झालेल्या १८५६ च्या कायद्यात पुनर्विवाह करणाऱ्या विधवेने पहिल्या पतीच्या संपत्तीवरील हक्क सोडावा, असे कलम होते. महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींत पाट किंवा मोहतूर लावण्याची चाल पूर्वापार होती आणि त्या स्त्रियांना या कायद्याची गरजच नव्हती. तरीसुद्धा १८९६ मध्ये मुंबई हायकोर्टाने हे कलम त्यांनाही लागू केले. अलाहाबादच्या हायकोर्टाचे मत याउलट होते. उच्च जातींच्या विधवांसाठी केलेला कायदा इतर जातींच्या विधवांना जाचक ठरला. रूढी न जाणता केलेल्या कायद्याविषयीचा मंडलिकांचा संशय निराधार नव्हता. मात्र याच वस्तुस्थितीतून दुसराही निष्कर्ष निघतो. बहुसंख्य समाजात पुनर्विवाह रूढ असताना त्याच्या निषेधाला हिंदू रूढी म्हणणे म्हणजे थोड्यांच्या चालीला सर्वांचे नाव देणे होय. परिशिष्टे लिहिणाऱ्या मंडलिकांना हे ठाऊक होते. कौन्सिलातील मंडलिकांनी त्याला वजन दिले नाही. समाजाने आतून बदलावे असे म्हणताना, बदलू पाहणाऱ्याला तोच समाज वाळीत टाकतो, याचेही उत्तर त्यांच्या भूमिकेत सापडत नाही. १८६९ मध्ये मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या मंडळाने घडवून आणलेल्या पुनर्विवाहानंतर पुण्यात १८७० मध्ये शंकराचार्यांपुढे झालेला वाद आणि त्यातून आलेला बहिष्कार हा त्यांच्या डोळ्यांसमोरचा इतिहास होता.

मंडलिकांच्या समकालीन कलकत्त्याने या प्रश्नाचे दुसरे उत्तर पाहिले होते. सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले भारतीय सिव्हिलियन मुंबई इलाख्यात नोकरीस होते. पत्नी ज्ञानदानंदिनी यांना पडद्याबाहेर आणून त्यांनी आपल्या घरापुरती रूढी मोडली. १८९७ मध्ये साताऱ्याहून निवृत्त झाल्यावर ते बालीगंजच्या स्टोअर रोडवर राहिले. गव्हर्नर-जनरलच्या अंगरक्षक दलाच्या छावणीमुळे ओळखले जाणारे हे दक्षिणेकडील उपनगर पुढे सुशिक्षित बंगाली समाजाचे निवासस्थान बनले. तुकारामाचे अभंग बंगालीत आणणारे सत्येंद्रनाथ आणि ‘गाथासप्तशती’त महाराष्ट्र शोधणारे मंडलिक, दोघांनाही महाराष्ट्राच्या वाङ्मयीन वारशाविषयी सारखेच प्रेम होते. तथापि एकाने परंपरेतून बंड उचलले आणि दुसऱ्याने व्यवस्था. सत्येंद्रनाथांच्या पाठीशी ब्राह्म समाज आणि जोडासांकोचे घर होते. ज्यांना असे घर नव्हते, त्यांच्यासाठी कायद्याचा प्रश्न उरतच होता.

९ मे १८८९ रोजी मंडलिकांचे निधन झाले. दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाचे विधेयक कलकत्त्याच्या कौन्सिलात आले, तेव्हा त्यांच्या भूमिकेचा वारसा सभागृहात रमेशचंद्र मित्र यांनी आणि बाहेर टिळकांनी चालविला. मुंबईकडील सभासद कृष्णाजी लक्ष्मण नूलकर यांनी मात्र विधेयकास पाठिंबा दिला. विधेयक संमत झाले. मंडलिकांचा ग्रंथसंग्रह पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेला आणि अभ्यासकांच्या उपयोगी पडला.

त्यांच्या मतांची खरी परीक्षा मात्र मुरूडमध्येच झाली. त्याच गावात वाढलेले धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये बालविधवा गोदूबाईंशी विवाह केला, आणि मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या मातेलाही त्या बहिष्काराची झळ सोसावी लागली. समाज आतून बदलावा ही मंडलिकांची अपेक्षा कर्व्यांनी अक्षरशः पुरी केली. तिची किंमत किती असते, हेही त्याच गावाने दाखवून दिले. खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधानसभेत विधेयक मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धती नष्ट झाली. १८८० मध्ये ज्या कुळाचा सभागृहात कोणी नव्हता, त्याचा आवाज तोवर निवडून आलेल्या सभासदांच्या मुखाने तेथे पोहोचला होता. मंडलिकांनी जमविलेल्या रूढींच्या नोंदी कायद्याच्या अभ्यासकांनी पुढेही वापरल्या. त्या नोंदींतून त्यांनी स्वतः काढला नाही तो निष्कर्ष पुढील पिढ्यांनी काढला.