आकाशाशी जडले नाते

उद्योगपती जे. आर. डी. टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. १९२९ मध्ये भारतातील पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. १९३० साली आगाखान पारितोषिकासाठी ते छोट्या 'जिप्सी मॉथ' विमानातून कराचीहून इंग्लंडकडे एकटेच निघाले. वाटेत इजिप्तमध्ये प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनीअर स्पार्क प्लगअभावी अडकले होते. जेआरडींनी आपल्याकडील प्लग त्यांना दिला. पारितोषिक अस्पींनी जिंकले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल आणून जेआरडी मुंबईत जुहूला उतरले आणि भारतीय हवाई वाहतुकीचा पाया घातला गेला. स्कीइंगचीही त्यांना मनस्वी आवड होती. १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले.