गणितानंद कापरेकर

पहिलीच्या वर्गात मुलांपुढे काड्यांचा ढीग असतो. दहा सुट्या काड्या झाल्या की त्यांची जुडी बांधावयाची, दहा जुड्या झाल्या की त्यांचा गठ्ठा करावयाचा आणि मग पाटीवर घरे आखून कोणत्या घरात किती ते मांडावयाचे. दोनाचा अंक उजवीकडच्या घरात बसला तर त्या दोन काड्या. तोच एक घर डावीकडे सरकला की दोन जुड्या, म्हणजे वीस काड्या. अंक तोच, पण जागा बदलली की त्याची किंमत बदलते. बहुतेकांना हे एकदा समजले की त्यातील नवल संपते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नवल मात्र जन्मभर संपले नाही.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. समुद्रकाठचे हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. दत्तात्रय आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली आणि वडिलांनी त्यांना लहानाचे मोठे केले. वडील कारकून होते व त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरे की खोटे हा प्रश्न निराळा. पण पत्रिका मांडावयाची तर आकडेमोड चोख हवी. आकडेमोडीची ही गोडी मुलानेही उचलली. ठाण्यास शालेय शिक्षण झाल्यावर १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले आणि नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून रुजू झाले. १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवीत होते.

दिवसभर शाळा आणि उरलेला वेळ आकड्यांची संगत, असा त्यांचा क्रम होता. महागडी यंत्रे त्यांना लागत नसत. कागद आणि लेखणी असली की पुरे. प्रवासातही हे वेड सुटत नसे. मुंबईहून विक्रोळी, ठाणे ओलांडून कल्याणकडे जाणारा आजचा मध्य रेल्वेचा मार्ग त्या काळी जी. आय. पी. रेल्वेचा होता. त्याच मार्गावर डोंबिवली स्थानकात गाडी बदलण्यासाठी थांबले असता काही विशेष संख्यांची कल्पना त्यांना सुचली. त्या संख्यांना त्यांनी डोंबिवलीच्याच नावावरून डेम्लो संख्या असे नाव दिले. त्यांतील काही तर फारच सुंदर आहेत. ११ ला ११ ने गुणले की १२१ येतात. १११ ला १११ ने गुणले की १२३२१, आणि ११११ ला ११११ ने गुणले की १२३४३२१. हे कसे घडते, ते पाटीवर गुणाकार मांडला की दिसते. १११ ही संख्या तीन वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहावी लागते. मग एककाच्या घरात एक, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन, आणि पुढे पुन्हा दोन व एक असे एक जमतात. नऊ एकांपर्यंत ही रांग अशीच सुरेख चालते. दहावा एक आला की मधल्या घरात दहा जमतात, हातचा शेजारच्या घरात जातो आणि रांग मोडते.

कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध चार अंकी संख्येविषयीचा आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. समजा, ३५२४ घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहिले की ५४३२ होतात आणि चढत्या क्रमाने लिहिले की २३४५. मोठीतून लहान वजा केली की ३०८७ उरतात. पुन्हा तसेच केले, तर ८७३० मधून ०३७८ वजा जाऊन ८३५२ येतात. येथे शून्य गाळून चालत नाही. त्याने आपले घर राखलेच पाहिजे. आणखी एकदा ८५३२ मधून २३५८ वजा केले की उत्तर येते ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हा ६१७४ च! आरंभी कोणतीही संख्या घेतली तरी फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच आणि तेथून पुढे हालत नाही.

अंकांनी जागा बदलल्या की असे काही नियम आपोआप लागू होतात. ५२ चे २५ केले, तर पाच दशकाच्या घरातून एककात उतरतो आणि पन्नासाचा पाच होतो. म्हणजे ४५ चा तोटा. दोन मात्र एककातून दशकात चढतो आणि दोनाचा वीस होतो. म्हणजे १८ चा लाभ. फरक २७ चा, म्हणजे तीन वेळा नऊ. वरच्या ३०८७, ८३५२ आणि ६१७४ यांनाही नऊने पूर्ण भाग जातो.

१९४९ साली मद्रास येथील गणितपरिषदेत कापरेकरांनी आपला हा शोध मांडला. परंतु मोठी पदवी नसलेल्या या शाळामास्तरांचे काम अनेक गणितज्ञांना क्षुल्लक वाटले. कित्येकांनी त्याची थट्टाही केली. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. आपण दहादहांच्या जुड्या बांधतो म्हणून ६१७४ ला हा मान. बाराबारांच्या बांधल्या असत्या तर तो तिला लाभला नसता. कापरेकरांना या आक्षेपाने थांबविले नाही. आपली पुस्तके त्यांनी स्वतःच छापली. एखाद्या संख्येत तिचेच अंक मिळवून पुढची संख्या काढावयाची, हा त्यांचा आणखी एक खेळ. २१ मध्ये दोन व एक मिळविले की २४, आणि २४ मध्ये दोन व चार मिळविले की ३०. पण २० ही संख्या कोणत्याच संख्येपासून अशी मिळत नाही. अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले. देवळाली संख्या हेही त्यांचेच नाव.

निवृत्तीनंतरचे दिवस ओढगस्तीचे गेले. १९६६ साली पत्नीचे निधन झाले. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना. तेव्हा उतारवयात त्यांना गणिताच्या व विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि हौशी गणितप्रेमींमध्ये त्यांचे नाव जगभर पसरले. त्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

६१७४ या संख्येला आज देशोदेशी कापरेकर स्थिरांक म्हणतात. त्यांनी स्वतः आपल्या संख्यांना नावे दिली होती ती डोंबिवलीची आणि देवळालीची.