पाटीलबावा

सन १९९४ मध्ये दूरदर्शनवर ‘द ग्रेट मराठा’ ही संजय खान यांची हिंदी मालिका सुरू झाली. तिचे नायक महादजी शिंदे. त्यांच्या मृत्यूला त्याच वर्षी दोनशे वर्षे पुरी होत होती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना त्या मालिकेचे अप्रूप वाटले, ते साहजिक होते. जे नाव तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यात येऊ लागले. महादजींची भूमिका शाहबाज खान यांनी केली. हे इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँसाहेब यांचे चिरंजीव. होळकरांच्या शहराशी असे नाते असलेल्या नटाने शिंद्यांचा पोशाख चढवावा, यातील गंमत माळव्यातील मंडळींच्या लक्षात आल्यावाचून राहिली नसेल.

पडद्यावर लढाया शोभून दिसतात. परंतु महादजींच्या आयुष्याचा फार मोठा भाग पत्रे लिहिण्यात, फौजेच्या थकलेल्या पगाराची तोंडमिळवणी करण्यात आणि पुण्याहून येणाऱ्या उत्तराची वाट पाहण्यात गेला. कोणत्याही मालिकेला हे दाखविणे कठीणच. दूरदेशी राहणाऱ्या आम्हांला मात्र तोच भाग अधिक जवळचा वाटतो, म्हणून येथे त्यावर थोडे रेंगाळण्याचे योजिले आहे.

सातारा प्रांतातील कण्हेरखेडचे राणोजी शिंदे पहिल्या बाजीरावांच्या पदरी उदयास आले. महादजी हे त्यांचे धाकटे चिरंजीव. जन्म सुमारे १७३० चा. मोठे बंधू जयाप्पा १७५५ साली नागोरला दग्याने मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. पुतणे जनकोजी पानिपतानंतर शत्रूच्या कैदेत संपले. त्या रणातून पळताना महादजींच्या पायावर घाव बसला आणि ते जन्माचे लंगडे झाले. रस्त्याकडेला पडलेल्या या जखमी सरदाराला राणेखान नावाच्या भिस्त्याने आपल्या बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले आणि सेनापतिपदापर्यंत चढविले. उपकार तोंडाने फेडणारे पुष्कळ असतात, फौज हवाली करणारे थोडे.

घरी परतलेल्या महादजींपुढे सरदारी आयती वाढून ठेवलेली नव्हती. त्यांच्या जन्माविषयी शंका काढण्यात आल्या, राघोबादादांनी दुसऱ्यांना पुढे केले, आणि थोरल्या माधवरावांनी १७६८ साली निवाडा करीपर्यंत सात वर्षे अनिश्चितीत गेली. तीन वर्षांनी, फेब्रुवारी १७७१ मध्ये, मराठी फौजांनी दिल्ली घेतली. इंग्रजांच्या आश्रयाने अलाहाबादेस राहिलेला बादशहा शाह आलम पुढील जानेवारीत आपल्या राजधानीत परतला. नारायणरावांचा खून, बारभाईंचे कारस्थान, वडगावला इंग्रजांची झालेली कोंडी हा मजकूर वाचकांच्या परिचयाचा आहे. तो येथे विस्ताराने सांगत नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात दोन्ही पक्षांनी जामीन म्हणून महादजींना मान्य केले, एवढे नमूद केले म्हणजे पुरे.

माळव्यावर आलेल्या इंग्रज फौजेला तोंड देण्यासाठी १७८० साली ते उत्तरेकडे गेले. त्यानंतर पुण्याचे दर्शन त्यांना बारा वर्षे, म्हणजे एक पुरे तप, घडले नाही.

या तपात त्यांनी जे उभे केले त्याला तोड नाही. सॅव्हॉयचा द ब्वाञ १७८४ साली नोकरीस ठेवून त्यांनी कवायती पलटणी तयार करविल्या. आग्र्यास तोफा ओतण्याचा कारखाना निघाला. गोमंतकातील केरीचे जिवबादादा केरकर, आग्र्याचा किल्ला वेढ्यात नेटाने राखणारे लखबादादा लाड असे कर्तबगार पुरुष त्यांनी जवळ केले. त्याच वर्षाअखेरीस बादशहाने मुखत्यारीचे सर्वोच्च पद देऊ केले, तेव्हा वकील-इ-मुतलक हा किताब त्यांनी पेशव्यांच्या नावे घेतला आणि स्वतःकडे नायबगिरी ठेवली. स्वतःस ते पाटीलच म्हणवीत. याला कोणी मुत्सद्देगिरी म्हणतात, कोणी नम्रतेचा देखावा. आमच्या मते या दोन्हींखाली एक साधी गोष्ट होती: पुण्याच्या शिक्क्यावाचून उत्तरेतील सत्तेला बूड नाही, हे त्यांना ठाऊक होते.

पुण्याचा समज वेगळा होता. एवढा मुलूख हाती असताना पैसा येत का नाही, हा नाना फडणविसांचा प्रश्न. मुलूख उजाड, वसुली अपुरी, खर्च फौजेचा, तेव्हा पैसा तुम्हीच पाठवा, हे महादजींचे म्हणणे. दोघेही आपापल्या जागी खोटे नव्हते. दूरच्या माणसाजवळ पुष्कळ असेल असे घरच्यांना वाटते आणि आपली ओढाताण घरी कोणाला कळत नाही असे दूरच्याला वाटते. राज्याच्या कारभारातही ते चुकले नाही.

जुलै १७८७ मध्ये लालसोटला पगार थकलेल्या बादशाही पलटणी ऐन प्रसंगी तोफांसह जयपूरकरांना मिळाल्या. महादजींना चंबळेपलीकडे हटावे लागले. त्यांनी कुमक मागितली; ती निघता निघता वर्ष उलटले. मधल्या काळात गुलाम कादिराने दिल्ली बळकावली आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी वृद्ध बादशहाचे डोळे काढविले. महादजींनी वेळीच धाव घेतली नाही, हा ठपका त्यांच्यावर ठेवला जातो आणि तो सर्वस्वी पुसता येत नाही. ऑक्टोबरात राणेखानाने शहर सोडविले. पुण्याहून अलीबहाद्दर पोचले ते त्यानंतर. गुलाम कादिराला पकडून १७८९ साली देहदंड देण्यात आला.

त्याच वर्षी मथुरेच्या मुक्कामी महादजींच्या अंगावर फोड उठले. हिंमतबहाद्दर गोसाव्याने करणी केली असा त्यांचा ग्रह झाला, आणि गोसावी जाऊन बसला अलीबहाद्दरांच्या आश्रयाला. एवढ्यावरून दोन मराठी छावण्यांत वैर पडले. मथुरेचा कृष्ण आणि बीडचे मन्सूरशहा या दोघांच्या भक्तीत रमणारा, स्वतः पदे रचणारा हा पुरुष करणीला घाबरत असे, हे वाचून नवल वाटते. पण थोर माणसे घडीव मूर्तींसारखी एकसंध नसतात. पुढल्याच वर्षी पाटण आणि मेडता येथे त्यांनी लालसोटचा डाग धुऊन काढला.

जून १७९२ मध्ये ते पुण्यास आले. सवाई माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे होते. हिंदुस्थान हलविणारा हा वृद्ध सरदार दरबारात जुन्या मानकऱ्यांच्या खाली बसला आणि बगलेतल्या गाठोड्यातून नवे जोडे काढून त्याने पेशव्यांपुढे ठेवले, कारण वडिलांचे काम तेच होते, अशी हकीकत सांगतात. २२ जूनला बादशाही वस्त्रांचा थाटाचा समारंभ झाला. तरुण पेशव्यांना पाटीलबावांचा लळा लागला. स्वाऱ्या-शिकारी सुरू झाल्या. नानांना धास्ती पडली आणि त्यांनी काशीस जाण्याची भाषा काढली. अखेरीस वरकरणी दिलजमाई झाली, तरी उत्तरेच्या जमाखर्चाचा घोळ मिटला नाही. १ जून १७९३ रोजी तिकडे लाखेरीला शिंद्यांच्या फौजेने होळकरांच्या फौजेचा मोड केला. मराठ्यांनीच मराठ्यांना मारले.

पुण्यास येऊनही महादजी अखेरपर्यंत छावणीतच राहिले. शनिवारवाड्यापासून दोन कोसांवर, वानवडीच्या मुक्कामी, ज्वराने १२ फेब्रुवारी १७९४ रोजी त्यांचा अंत झाला. पुत्र नव्हता, बंधू तुकोजींचे नातू दौलतराव गादीवर बसले. ग्वाल्हेरच्या पायथ्याशी त्यांनी १८१० साली तळ दिला. तंबूंच्या जागी वाडे उठले, तरी त्या वस्तीचे लष्कर हे नाव कायम राहिले.