आठ क्लब, आठ पौंड : ह्यूई गॅलॅकर यांची कारकीर्द

३ सप्टेंबर १९३० रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्क मैदानावर ६८,३८६ प्रेक्षक जमले होते. दिवस बुधवारचा, म्हणजे कामाचा होता. शहर कोळशाच्या खाणींवर आणि जहाजबांधणीच्या गोद्यांवर पोट भरणारे होते आणि मंदीची चाहूल लागलेली होती. तरीही मैदान भरले आणि कित्येक हजार लोक दरवाजाबाहेरून परतले. प्रेक्षकसंख्येचा तो उच्चांक त्या मैदानावर आजवर मोडलेला नाही. विशेष म्हणजे ही गर्दी यजमान संघाच्या कोणा खेळाडूसाठी लोटलेली नव्हती. पाहुण्या चेल्सी संघातून खेळणाऱ्या, जेमतेम साडेपाच फूट उंचीच्या एका स्कॉटिश खेळाडूला पाहण्यासाठी लोक आले होते. ह्यूई गॅलॅकर त्या वेळी २७ वर्षांचे होते. चार महिन्यांपूर्वीपर्यंत ते याच शहराचे होते आणि क्लबने त्यांना १० हजार पौंडांना विकले होते.

गॅलॅकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १९०३ रोजी स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यातील बेल्सहिल या गावी झाला. हा सारा पट्टा कोळसा आणि पोलाद यांचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात शाळा सुटलेल्या मुलांना दारूगोळ्याच्या कारखान्यात काम मिळे, युद्ध संपल्यावर खाण होतीच. गॅलॅकर यांनी दोन्ही केले. सुटका हवी असेल तर मुष्टियुद्ध किंवा फुटबॉल असे दोन मार्ग त्या गावातल्या पोरांना दिसत. गॅलॅकर यांनी मुष्टियुद्धाचा सरावही केला होता आणि पुढे मैदानावर तो अनेकदा नको तितका उपयोगी पडला. बालपणीचे त्यांचे सवंगडी अ‍ॅलेक्स जेम्स हेही पुढे स्कॉटलंडकडून खेळले आणि आर्सेनलचे आधारस्तंभ ठरले. मँचेस्टर युनायटेडचे विख्यात व्यवस्थापक मॅट बस्बी याच परिसरातले. एवढ्याशा खाणवस्तीने फुटबॉलला इतके द्यावे, याचे कारण मातीत शोधण्यापेक्षा खाणीत शोधावे हे बरे.

वयाच्या अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर गॅलॅकर डम्फ्रीस येथील क्वीन ऑफ द साउथ या नव्या क्लबमध्ये दाखल झाले. पहिल्याच सामन्यात त्यांनी चार गोल केले. नऊ सामन्यांत १९ गोल झाले आणि तेवढ्यात न्यूमोनियाने त्यांना गाठले. दोन्ही फुफ्फुसे ग्रासणारा तो आजार त्या काळात जीवघेणा होता. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर १९२१ मध्ये एअरड्रीओनियन्स या क्लबने त्यांना करारबद्ध केले. खासगी आयुष्याची घडी मात्र याच वयात विस्कटली. सतराव्या वर्षी झालेला विवाह फार टिकला नाही. पहिले मूल वर्षाच्या आत गेले आणि पती-पत्नी विभक्त झाले. रीतसर घटस्फोट मिळायला पुढे दहाएक वर्षे लागली आणि त्या कोर्टकचेरीने त्यांचे घर धुऊन नेले.

एअरड्रीओनियन्स हा ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्स या धनाढ्य क्लबांपुढे किरकोळ वाटावा असा क्लब. गॅलॅकर यांच्या काळात मात्र तो लीगमध्ये १९२३, १९२४ आणि १९२५ अशी ओळीने तीन वर्षे दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि १९२४ मध्ये हिबर्नियनला २-० असे हरवून त्याने स्कॉटिश चषकही जिंकला. गॅलॅकर यांचा खेळ तेव्हाच आकाराला आला होता. उंची कमी असल्याने उंच बचावपटूंशी हवेत झगडण्यापेक्षा चेंडू पायाशी ठेवून त्यांच्यातून वाट काढणे त्यांना भाग होते. दोन्ही पायांनी फटका मारण्याची ताकद, जागच्या जागी वळण्याची चपळाई आणि उडी मारण्याची विलक्षण वेळ साधणे, या तीन गोष्टींवर त्यांनी उंचीची उणीव भरून काढली. त्याची किंमत पायांना मोजावी लागे. त्या काळचे बूट कडक टोकाचे असत, बचावपटूंना पंचांचा धाक बेताचाच असे आणि सेंटर फॉरवर्डला मागून लाथ बसणे हा खेळाचाच भाग समजला जाई. सामना संपल्यावर रक्ताने भिजलेले मोजे उतरवत बसलेले गॅलॅकर त्यांच्या सहकाऱ्यांच्या आठवणीत कायमचे राहिले.

इंग्लंडमधील क्लबांचे लक्ष त्यांच्याकडे वळले होते. त्यांना विकले तर मैदानावरची लाकडी प्रेक्षागृहे जाळून टाकू, अशी धमकी एअरड्रीच्या चाहत्यांनी दिल्याचे सांगितले जाते. प्रेक्षागृहे शाबूत राहिली आणि डिसेंबर १९२५ मध्ये गॅलॅकर साडेसहा हजार पौंडांना न्यूकॅसल युनायटेडकडे गेले. त्या व्यवहाराचे स्वरूप येथे समजून घेतले पाहिजे, कारण गॅलॅकर यांचे पुढचे सारे आयुष्य त्याच्याशी बांधलेले आहे. इंग्लंडमध्ये १९२२ पासून व्यावसायिक फुटबॉलपटूला हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त आठ पौंड आणि उन्हाळ्यात सहा पौंड देता येत. खेळाडू कितीही मोठा असो, ही मर्यादा सर्वांना सारखीच होती. त्याची नोंदणी क्लबच्या ताब्यात असे. करार संपला तरी क्लबच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. विक्रीची रक्कम क्लब घेई, खेळाडूच्या हाती नियमानुसार सही करण्याचे दहा पौंड पडत. खाणकामगाराच्या तुलनेत आठवड्याचे आठ पौंड वाईट नव्हते, हे खरे. पण ज्याच्या पायांवर साठ-साठ हजार तिकिटे खपत होती त्याचा हा हिशेब होता.

न्यूकॅसलच्या प्रेक्षकांनी हा बुटका माणूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते चकित झाले. शंका पहिल्याच सामन्यात मिटली. एव्हर्टनविरुद्धच्या त्या ३-३ अशा बरोबरीत गॅलॅकर यांनी दोन गोल केले; एव्हर्टनचे तिन्ही गोल डिक्सी डीन यांचे होते. त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला होता. चेंडू मिळताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये पूर्वी प्रतिस्पर्धी संघाचे तीन खेळाडू असावे लागत, आता दोन पुरेसे ठरले. बचावफळ्या गोंधळलेल्या होत्या आणि गोलांचा पाऊस पडत होता. या संधीचा फायदा अनेकांनी घेतला, गॅलॅकर यांच्याइतका थोड्यांनीच. पुढच्या हंगामात, १९२६-२७ मध्ये, ते संघाचे कर्णधार झाले. लीगच्या ३८ सामन्यांत त्यांनी ३६ गोल केले आणि न्यूकॅसल विजेता ठरला. इंग्लंडच्या अव्वल विभागाचे विजेतेपद त्या क्लबला त्यानंतर आजवर मिळालेले नाही.

गावात ते नायक होते आणि नायकासारखेच वागत. रुबाबदार पोशाख, हॅट, मद्यालयातली बैठक, खिशात असेल ते उधळण्याची सवय. जीभही तिखट होती. प्रतिस्पर्धी, पंच, क्लबचे संचालक, कोणीही तिच्या तावडीतून सुटत नसे. १९२७ च्या अखेरच्या दिवशी हडर्सफील्डविरुद्धच्या सामन्यात पेनल्टी नाकारली गेल्यावरून पंच बर्ट फॉग यांच्याशी त्यांचा वाद झाला. सामन्यानंतर गॅलॅकर पंचांच्या खोलीत गेले. फॉग स्नानाच्या तयारीत टबाशी वाकलेले होते. गॅलॅकर यांनी त्यांना पाण्यात ढकलून दिले. ते माफी मागण्यासाठी गेले होते, असेही सांगितले जाते. प्रसंग हसू आणणारा असला तरी शिक्षा हसण्यासारखी नव्हती. ऐन हंगामात त्यांना दोन महिने मैदानाबाहेर बसावे लागले.

त्या बंदीनंतर लगेचच स्कॉटलंडच्या निवड समितीने इंग्लंडविरुद्धच्या सामन्यासाठी त्यांना निवडले. निवडीवर टीका झाली, शिवाय पाचही आघाडीवीर बुटके. ३१ मार्च १९२८ रोजी वेम्बलीवर पाऊस पडला, गवत निसरडे झाले आणि धिप्पाड इंग्लिश बचावपटू घसरत राहिले. स्कॉटलंडने ५-१ असा विजय मिळवला. अ‍ॅलेक्स जॅक्सन यांनी तीन आणि बेल्सहिलचे सोबती जेम्स यांनी दोन गोल केले. गॅलॅकर यांचा त्या दिवशी एकही गोल नाही; बचावपटूंना आपल्यामागे खेचून इतरांना मोकळी जागा करून देण्याचे काम त्यांनी केले. वेम्बलीचे जादूगार म्हणून तो संघ स्कॉटलंडच्या इतिहासात अमर झाला. एरवी देशासाठी गोल करण्यात ते मागे नव्हते. १९२५ मध्ये इंग्लंडवर मिळवलेल्या २-० अशा विजयातले दोन्ही गोल त्यांचेच. स्कॉटलंडकडून ते २० सामने खेळले आणि त्यांच्या गोलांची संख्या सामन्यांहून अधिक भरली. सामने इतके कमी असण्याचे कारण पुन्हा तेच. खेळाडू क्लबच्या मालकीचा, देशासाठी सोडायचे की नाही हे क्लब ठरवी.

१९३० मध्ये न्यूकॅसलवर खालच्या विभागात जाण्याची वेळ आली होती. ती कशीबशी टळली आणि उन्हाळ्यात नव्या व्यवस्थापनाने गॅलॅकर यांना चेल्सीला विकले. न्यूकॅसलसाठी १७४ सामन्यांत १४३ गोल, असा त्यांचा तेथील हिशेब होता. सप्टेंबरमधल्या त्या बुधवारी शहराने आपले मत मैदान भरून नोंदवले. चेल्सीतही ते गोल करत राहिले, १४४ सामन्यांत ८१. पण नुकताच वरच्या विभागात आलेला तो संघ नावे मोठी असूनही काही जिंकू शकला नाही. १९३२ च्या एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात त्याची गाठ नेमकी न्यूकॅसलशी पडली. गॅलॅकर यांनी गोल केला, चेल्सी १-२ अशी हरली आणि न्यूकॅसलने चषक नेला.

जेम्स यांचा मार्ग वेगळा निघाला. आर्सेनलमध्ये जाताना त्यांच्यासाठी लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात नोकरीची सोय झाली आणि वेतनमर्यादेला नियमात राहून वळसा घातला गेला. गॅलॅकर यांना अशी व्यवहारबुद्धी कधी साधली नाही. घटस्फोटाचा दावा लांबत गेला, वकिलांचे शुल्क वाढत गेले आणि १९३४ मध्ये ते दिवाळखोर ठरले. त्याच वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला आणि नोव्हेंबरमध्ये चेल्सीने त्यांना २,७५० पौंडांना डर्बी काउंटीच्या हवाली केले.

डर्बीत ते एकतिसाव्या वर्षी पुन्हा फुलले. ब्लॅकबर्नच्या मैदानावर संघाचे पाचही गोल त्यांनी एकट्याने केले. १९३५-३६ मध्ये डर्बी लीगमध्ये दुसरी आली. तोवर वेग ओसरू लागला होता. १९३६ मध्ये दोन हजार पौंडांना ते तिसऱ्या विभागातील नॉट्स काउंटीकडे गेले. तो संघही दुसरा आला. वर जायला फक्त पहिला क्रमांक चालत असे. १९३८ च्या सुरुवातीला एक हजार पौंडांना ग्रिम्सबी आणि काही महिन्यांतच ५०० पौंडांना गेट्सहेड. टाईन नदीच्या एका काठावर न्यूकॅसल, दुसऱ्या काठावर गेट्सहेड. तिसऱ्या विभागात, पस्तिशी उलटल्यावरही त्यांनी तेथे एका हंगामात १८ गोल केले. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले, लीग थांबली आणि कारकीर्दही. लीगच्या ५४१ सामन्यांत ३८७ गोल त्यांच्या नावावर जमा होते.

गॅलॅकर गेट्सहेडमध्येच राहिले. कारखान्यात मजुरी केली, काही काळ वृत्तपत्रात खेळाविषयी लिहिले. लेखणीही जिभेसारखीच असल्याने सेंट जेम्स पार्कवर त्यांना प्रवेशबंदी झाली. मदतनिधीच्या सामन्यांत मात्र ते पन्नाशीनंतरही उतरत आणि त्यांना पाहायला लोक येत. संसार स्थिरावला होता, मुले वाढत होती. १९५० च्या अखेरीस पत्नीचे हृदयविकाराने निधन झाले आणि घर सावरणारे माणूस गेले. मद्यपान वाढले. मे १९५७ मध्ये घरातल्या एका भांडणात त्यांनी रागाच्या भरात भिरकावलेली वस्तू धाकट्या मुलाला लागली. जखम मोठी नव्हती. मात्र पोलीस आले, मुलाला घरातून हलवण्यात आले आणि त्याला भेटण्याची परवानगी पित्याला मिळाली नाही. मारहाण आणि हेळसांड यांबद्दल खटला दाखल झाला. ज्यांना हजारो लोक ओळखत होते त्यांना आता गावातून मान वर करून चालणे कठीण झाले. मुलाला दुखावल्याचा पश्चात्ताप त्यांनी आप्तांजवळ आणि अखेरच्या चिठ्ठीतही व्यक्त केला होता.

१२ जून १९५७ रोजी त्यांना दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहायचे होते. ११ जूनला गेट्सहेडजवळ लो फेल येथे रेल्वेमार्गावर त्यांनी आयुष्य संपवले. वय ५४ होते.

इंग्लिश फुटबॉलमधील वेतनमर्यादा जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिल्यावर उठली. त्याच वर्षी फुलहॅम क्लबच्या जॉनी हेन्स यांना आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. चेल्सीच्या मैदानापासून फुलहॅमचे मैदान फार दूर नाही.