वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, १८८२:सोलापूर – ८ एप्रिल, १९५३:सिद्धपूर, गुजरात) हे मराठी मुलखात वाढलेले भारतीय उद्योगपती होते. बांधकाम, जहाजवाहतूक, साखर, विमाने आणि मोटारी अशा परस्परांपासून दूरच्या क्षेत्रांत त्यांनी उद्योग उभारले. मोटारी व मालट्रक देशातच तयार व्हावेत यासाठी त्यांनी केलेला दीर्घ प्रयत्न हा त्यांच्या चरित्राचा सर्वांत कष्टाचा भाग आहे.

प्रारंभिक जीवन

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. दिगंबर जैन पंथाचे हे कुटुंब कापसाचा व्यापार व सावकारीनिमित्त सोलापुरात स्थायिक झाले होते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत वालचंदांची आई वारली. सोलापुरात शालेय शिक्षण झाल्यावर ते मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात गेले. घरच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मण बळवंत फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. फाटकांजवळ कामाची माहिती होती, वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची ताकद आणि जोखीम पत्करण्याची तयारी होती. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा व्यवसाय वाढत गेला व १९२६ मध्ये हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे हे या कंपनीचे सुरुवातीच्या काळातील गाजलेले काम होय.

जहाजे

पहिल्या महायुद्धानंतर नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून विकत घेतलेले 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल, १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून सिंदियाला नामोहरम करण्याचा प्रयत्न केला. तरी कंपनी टिकली. १९२९ ते १९५० या काळात वालचंद तिचे अध्यक्ष होते. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून, १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली आणि तेथे बांधलेल्या 'जलउषा' या जहाजाचे जलावतरण १४ मार्च, १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले.

याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर येथे साखर कारखाने उभे राहिले.

मोटार कारखान्याची धडपड

दोन महायुद्धांमधल्या काळात भारतात फिरणाऱ्या मोटारी व ट्रक परदेशी बनावटीचे असत. जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून मुंबईत सुटे भाग आणून गाड्यांची जुळणी करत होती. फोर्डचा व्यवसायही त्याच धर्तीवर चालत असे. जुळणी येथे, पण इंजिन, गिअरबॉक्स व आस बाहेरून, अशी ही व्यवस्था होती. तिचा तोटा रस्त्यावर दिसे. त्या काळच्या ट्रकमध्ये आजच्यासारखे इंजिनाचा दोष सांगणारे इशारादिवे नव्हते. तेलाचा दाब, पाण्याचे तापमान व विजेचा भार दाखवणारे दोन-तीन काटे असत; बाकीचे निदान मिस्त्रीच्या कानावर आणि नाकावर अवलंबून राही. घाटात गाडीची ओढ कमी झाली की धुराचा रंग पाहिला जाई. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त, निळसर धूर म्हणजे इंजिनात तेल जळते आहे, असा ढोबळ हिशेब असे. दोष सापडणे फारसे अवघड नव्हते, पण लागणारा सुटा भाग समुद्रापलीकडे तयार होत असे. युद्धकाळात जहाजे कमी पडली तेव्हा हे परावलंबन अधिकच बोचू लागले.

मोटारींचा स्वदेशी कारखाना ही मूळ कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. त्यांनी युरोप-अमेरिकेचा दौरा करून योजना आखली व वालचंदांनी तिला व्यापारी आकार दिला. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने योजनेला अनुकूलता दाखवली, परंतु १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे राजीनामा देऊन बाहेर पडली. त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली; क्रायस्लर कंपनी मात्र सहकार्यास तयार झाली. म्हैसूर संस्थानाने जागा देऊ केली. केंद्रातील ब्रिटिश सरकारने मात्र हा उद्योग युद्धकार्यासाठी आवश्यक नसल्याची भूमिका घेऊन साहाय्य नाकारले. युद्धात हजारो ट्रकची गरज असताना घेतलेली ही भूमिका टीकेस पात्र ठरली, आणि ती टीका रास्त होती.

याच प्रवासात अमेरिकन विमान-व्यावसायिक विल्यम पॉली यांची गाठ पडली व त्यातून मोटारीआधीच विमानाचा कारखाना जन्माला आला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढे सरकारने तिच्यात भाग घेतला आणि १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेतला.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे उभा राहिला. १९४७ पासून तेथे क्रायस्लर गटाच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ मोटारी आणि डॉज व फार्गो ट्रक जुळवले जाऊ लागले. सुरुवात जुळणीपासूनच झाली हे खरे, पण भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवण्याचा हेतू होता. १९५१ मध्ये इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. पुढे डॉज व फार्गो ट्रक पर्किन्सच्या पी-६ डिझेल इंजिनावर धावू लागले. देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कंपन्यांनी व्यवसाय बंद करावा असे धोरण सरकारने १९५३ मध्ये स्वीकारले. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी त्यानंतर भारतातील जुळणी थांबवली आणि प्रीमियर टिकून राहिली. हा निर्णय ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी वालचंदांचे निधन झाले होते.

अखेरची वर्षे

वालचंद १९२७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबरचे, तर १९३२-३३ मध्ये भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्ष होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला व १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल, १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचा मृत्यू झाला. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली.

मृत्यूनंतर

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंदांचे नाव देण्यात आले. प्रीमियरच्या फियाट व नंतरच्या पद्मिनी मोटारी मुंबईच्या टॅक्सी म्हणून दीर्घकाळ चालल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. कंपनीचा दुसरा कारखाना कल्याण-डोंबिवली परिसरात होता. तेथे १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या सहकार्याने प्यूजो ३०९ ही मोटार, तिच्या डिझेल आवृत्तीसह, तयार होत असे. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आज कोहिनूर सिटी ही वसाहत आहे.