न्याय मागणारा शेतकरी कवी

ग्रीक देवदेवतांच्या कथा म्हटल्या की होमरचे नाव आधी ओठांवर येते. त्या देवांची वंशावळ सुसंगतपणे मांडली ती मात्र हीसिअडने. इ. स. पूर्व ७००च्या सुमारास होऊन गेलेल्या या कवीने स्वतःविषयीही काव्यातच बरेच सांगून ठेवले आहे.

त्याचे वडील आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील क्यूमी या नगरातले. दारिद्र्याला कंटाळून त्यांनी समुद्र ओलांडला आणि ग्रीसमधील बिओशिया प्रांतात, हेलिकॉन पर्वताजवळच्या ॲस्क्रा या खेड्यात बिऱ्हाड थाटले. हिवाळ्यात गारठ्याने आणि उन्हाळ्यात काहिलीने जीव नकोसा करणारे हे गाव. हेलिकॉनच्या पायथ्याशी मेंढरे चारीत असताना म्यूझ या काव्यदेवतांनी आपल्याला गायनाची प्रेरणा दिली, असे हीसिअड सांगतो. पुढे कॅल्किस येथील काव्यस्पर्धेत मिळालेले पारितोषिक त्याने त्यांनाच अर्पण केले.

‘थिऑगनी’ हे त्याचे देवोत्पत्तीचे काव्य हजाराहून थोड्या अधिक ओळींचे आहे. युरेनसला त्याचा मुलगा क्रोनस विळ्याने घायाळ करून पदच्युत करतो. क्रोनस स्वतःची मुले गिळत सुटतो आणि अखेर त्याचाच मुलगा झ्यूस त्याचा पाडाव करतो. विसाव्या शतकात तुर्कस्तानातील हत्तुशा येथील हिटाइट मृत्तिकापट्टांत कुमार्बी देवाची अशीच कथा आढळली. सत्तेसाठी बाप-लेकांनी एकमेकांवर उठण्याची ही कथा पूर्वेकडून ग्रीसमध्ये आली असावी, असे अभ्यासक मानतात. हीसिअडने या रक्तरंजित कथेला वेगळा शेवट दिला. विजयी झ्यूस थेमिसशी विवाह करतो आणि त्यांच्या पोटी सुव्यवस्था, न्याय व शांती या कन्या जन्माला येतात.

न्यायाची ही ओढ त्याच्या ‘वर्क्स अँड डेज’ या दुसऱ्या काव्यात अधिक तीव्र होते. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत भाऊ पर्सीसने लाचखाऊ सरदारांना हाताशी धरून अधिक वाटा बळकावला, ही त्यातली तक्रार. पर्सीस हे पात्र काल्पनिक असावे, असेही एक मत आहे. पण त्यामागचा संताप खोटा वाटत नाही. या काव्यात पॅन्डोराने उघडलेल्या रांजणाची कथा आहे, सुवर्णयुगापासून लोहयुगापर्यंतच्या पाच मानववंशांचे वर्णन आहे. कृत्तिका उगवल्या की कापणी आणि मावळल्या की नांगरणी, असा शेतीचा व्यवहारही आहे. अन्याय झाला की न्यायदेवता डीकी पिता झ्यूसजवळ जाऊन गाऱ्हाणे मांडते आणि सरदारांच्या पापाचे फळ साऱ्या नगराला भोगावे लागते, असा इशारा तो देतो.

भावाला त्याने शाप दिला नाही. कष्ट कर, धान्य साठव, कज्जे सोड, असेच तो वारंवार विनवतो. त्या जमिनीचे पुढे काय झाले, हे काव्यात कोठेही येत नाही.